पडद्याची डावी बाजू

डॉक्टर टिपणीसांचं नाव विक्रांत. एकाहत्तरच्या युद्धानंतर वर्षाच्या आत त्यांचा जन्म झाला आणि वडिलांनी विमानवाहू नौकेवरून नाव ठेवलं. पुढे पन्नासेक वर्षं डॉक्टरांचा नौकांशी काही संबंध आला नाही. मग एका मार्चमध्ये मेलबर्नच्या पॉइंट कुकमधल्या घराच्या गॅरेजात चौदा फुटी ॲल्युमिनियमची नाव आली, आणि मेधाताईंची गाडी उघड्यावर गेली.

असल्या नावेला इथे टिनी म्हणतात. म्हणजे डबाच. डॉक्टर मात्र तिला 'व्हेसल' म्हणायचे.

डॉक्टर रेडिओलॉजिस्ट. जवळच्याच एका इस्पितळात, अंधाऱ्या खोलीत बसून ते दिवसभर माणसांची आतली चित्रं वाचायचे. यकृत, पित्ताशय, पोटातली बाळं. त्यांच्या वाचण्यात कधी चूक निघाल्याचं कुणी ऐकलं नव्हतं. याचं एक कारण त्यांची हुशारी. दुसरं कारण त्यांची भाषा. 'खडा दिसत नाही, तथापि नसल्याची खात्री देता येत नाही,' असं लिहिणाऱ्या माणसाची चूक काढणार कशी?

हीच भाषा ते घरीही वापरत. दूध संपलंय का, असं विचारलं की फ्रिजमध्ये डोकावून म्हणत, "सकृतदर्शनी संपलेलं वाटतं." मेधाताई एका हायस्कूलमध्ये गणित शिकवत. तिथली पोरं दिवसभर चुकत आणि 'सॉरी मिस' म्हणून मोकळी होत. घरी ती सोय नव्हती. सव्वीस वर्षांच्या संसारात 'मी चुकलो' हे दोन शब्द त्यांनी नवऱ्याच्या तोंडून ऐकले नव्हते. लग्नातला उखाणासुद्धा ते अर्ध्यात विसरले, तेव्हा 'मुद्दामच थांबलो' असं म्हणाले होते.

टिपणीस म्हणजे कायस्थ. माशाला घरात जावयाचा मान. दर शनिवारी पहाटे डॉक्टर नाव गाडीला जोडून उपसागराकाठच्या वेरिबी साउथच्या धक्क्यावर जात, आणि मेधाताई ओलं खोबरं, आलं-लसूण, मिरची, कोथिंबीर असं वाटण करून ठेवत. दुपारी डॉक्टर रिकामे येत. वाटण वाया कसं घालवायचं? मग त्यात बटाटे पडत. हिवाळा सरेपर्यंत त्या घरातल्या बटाट्यांना माशांचे सगळे मानमरातब मिळाले होते.

"बाबा, जस्ट बाय अ फिश," मुलगी स्वरदा म्हणायची. ती क्लेटनला युनिव्हर्सिटीत होती आणि शनिवार-रविवार घरी यायची. "कोल्सला मिळतो. क्लीन करून देतात."

"प्रश्न माशाचा नाही," डॉक्टर म्हणायचे.

"मग?"

"प्रक्रियेचा आहे."

ऑक्टोबरात गारा पडल्या. मेलबर्नच्या गारा. लिंबाएवढ्या. डॉक्टरांची गाडी इस्पितळाच्या तळघरात होती. नाव गॅरेजात होती. मेधाताईंची गाडी जिथे होती तिथेच होती. गारा थांबल्यावर त्या बाहेर आल्या, बॉनेटवरून हात फिरवला, आणि आत येऊन वर्गात बोलायच्या आवाजात बोलल्या.

"ख्रिसमसच्या आत या नावेतून एक मासा माझ्या ओट्यावर आला पाहिजे. विकतचा नाही. कुणी दिलेला नाही. नाही आला, तर नाव विकायची."

"हवामानाचा आणि नावेचा थेट संबंध..."

"विक्रांत. एक मासा."

डॉक्टरांना नाव जिवापाड हवी होती. हे त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं. अंधाऱ्या खोलीत पंचवीस वर्षं काढलेल्या माणसाला शनिवारी डोक्यावर आभाळ हवं असतं, एवढी साधी गोष्ट होती. पण ती अहवालाच्या भाषेत बसत नव्हती. त्यामुळे ते एवढंच म्हणाले, "मग उपकरण लागेल."

उपकरण म्हणजे मासेशोधक सोनार. नावेच्या तळाशी एक प्रोब बसतो. तो पाण्यात आवाज सोडतो. आवाज तळाला किंवा माशाला आपटून परत येतो आणि पडद्यावर चित्र उमटतं. डॉक्टरांनी हे वाचलं आणि त्यांच्या चेहऱ्यावर जे हसू आलं, ते घरच्यांनी त्यांची पदव्युत्तर परीक्षा झाल्यानंतर पाहिलं नव्हतं.

"अगं, हे अल्ट्रासाऊंड आहे!"

म्हणजे घोडं आपसूक गंगेत न्हालं होतं. आख्ख्या उपसागरात हजारो नावा. त्यावर सुतार, प्लंबर, ट्रकवाले. त्यातला एकही रेडिओलॉजिस्ट नाही.

दुकानातल्या माणसाने नेहमीचा प्रश्न विचारला. किती खर्च करायचाय, मेट? डॉक्टरांनी उत्तर न देता फ्रिक्वेन्सी विचारली. मग झोताचा कोन विचारला. मग एकावर एक असलेले दोन मासे किती अंतरापर्यंत वेगळे दिसतील, ते विचारलं. दुकानदाराने खोक्यावर वाचलं. तिथे ते नव्हतं.

"इट फाइंड्स फिश," तो शेवटी म्हणाला.

डॉक्टरांना त्याची दया आली. त्यांनी त्याला समजावलं. खोल बघायचं तर जाड आवाज लागतो, पण चित्र धूसर येतं. उथळ बघायचं तर बारीक आवाज, आणि चित्र स्वच्छ. आपला उपसागर उथळ. म्हणजे ही गळ्यातल्या थायरॉइडची तपासणी झाली, सुटलेल्या पोटाची नव्हे. त्यांनी बारीक आवाजाचं, मध्यम पडद्याचं, साधं यंत्र निवडलं. महागडं दुकानदाराने पुढे केलं होतं, ते मागे सारलं.

निवड अगदी योग्य होती. हे इथेच नोंदवायला हवं. पुढे तशी संधी येणार नाही.

यंत्र बसवायचा कार्यक्रम रविवारी गॅरेजात झाला. मदतीला दत्तप्रसाद होता. दत्तप्रसाद दोन गल्ल्या पलीकडे राहायचा. आयटीतला, डॉक्टरांहून बारा-पंधरा वर्षांनी लहान, शाकाहारी, शनिवारचा उपास करणारा. तरी तो दर शनिवारी नावेत असायचा, कारण घरी जुळी मुलं होती. नावेत बसून तो साबुदाण्याची खिचडी खायचा आणि डॉक्टर सांगतील तिकडे गळ टाकायचा. मासा लागला नाही की त्याला हायसं वाटायचं. सगळ्या मोसमात त्याला एकदाही वाईट वाटायची वेळ आली नव्हती.

माहितीपत्रकात लिहिलं होतं, की प्रोब नावेच्या पाठीला उजव्या अंगाला बसवावा. इंजिनाच्या पंख्यापासून लांब. त्याच्या पुढ्यात रिव्हेटांची ओळ नको, कारण तिथे बुडबुडे उठतात, आणि बुडबुड्यांतून आवाज जात नाही. हे डॉक्टरांना सांगायला नको होतं. आतड्यातल्या वायूने त्यांना आयुष्यभर छळलं होतं.

प्रश्न फक्त भोकांचा होता. चांगल्या नावेला, पाण्याच्या पातळीखाली, आपल्या हाताने भोकं पाडायची. दोन.

"थांब," डॉक्टर म्हणाले. "टाइम-आउट."

"म्हणजे?"

"ऑपरेशनच्या आधी सगळे थांबतात आणि मोठ्याने बोलतात. पेशंट कोण?"

"नाव," दत्तप्रसाद म्हणाला.

"प्रक्रिया?"

"भोक."

"कुठली बाजू?"

"उजवी, डॉक्टर."

"उजवी," डॉक्टर म्हणाले. त्यांनी जांभळ्या मार्करने बाण काढला, चष्मा लावला आणि ड्रिल चालवलं. भोकं देखणी पडली. डॉक्टरांनी फुंकर घालून कीस उडवला. तेवढ्यात स्वरदा कॉफी घेऊन आली.

"बाबा, दॅट्स द लेफ्ट."



आता हे कसं झालं ते सांगतो. रेडिओलॉजिस्टच्या पडद्यावर पेशंट समोर तोंड करून असतो. त्याची उजवी बाजू वाचणाऱ्याच्या डाव्या हाताला येते. पंचवीस वर्षं ज्याने 'उजवं मूत्रपिंड' म्हणताना डावीकडे बघितलं, त्याचा हात उजवी बाजू म्हटल्यावर डावीकडेच जाणार. पण नावेचं तोंड भिंतीकडे होतं. डॉक्टर पाठीमागे उभे होते.

"कुठून बघतेस त्यावर आहे," डॉक्टर म्हणाले.

दत्तप्रसादने कॉफी घेतली. डॉक्टर म्हणतात म्हणजे असेल.

डाव्या भोकांत सीलंट भरलं. उजवीकडे नवी पाडली. संध्याकाळी मेधाताई वाकून बघायला आल्या, तेव्हा नावेला चार भोकं होती.

"ही दोन कसली?"

"प्रोव्हिजन आहे."

"कशाची?"

"भविष्यातली."

मेधाताईंनी त्या दोन बुजवलेल्या भोकांवर बोट फिरवलं. गारांचा पोचा आलेल्या बॉनेटवर फिरवलं होतं, तसंच.

यंत्राला डेमोची सोय होती. पाण्यात न जाता पडदा चालू करायचा. आपोआप तळ दिसायचा, मासे दिसायचे. मासे म्हणजे छोट्या कमानी, उलट्या कुंकवाच्या कोरीसारख्या. डॉक्टरांनी जेवणानंतर घरच्यांना गॅरेजात बोलावून प्रात्यक्षिक दिलं. गॅरेजातल्या कोरड्या नावेखालून मासे डावीकडे सरकत गेले. एकामागून एक. गलेलठ्ठ.

"हा बघ, हा मध्यभागी. म्हणजे आपल्या थेट खाली. हा डावीकडे, तो डाव्या अंगाला. सरळ छेद आहे. पोटाचा असतो तसा."

मेधाताई बराच वेळ बघत होत्या.

"आडव्या अक्षावर काय आहे?"

"म्हणजे?"

"उभ्या अक्षावर खोली. मीटर लिहिलेत. आडव्यावर काय? आकडेच नाहीत."

"अंतर, मेधा. रुंदी. दुसरं काय असणार?"

"मग चित्र सरकतंय कशाला? नाव तर गॅरेजात आहे."

डॉक्टर हसले. रुग्णाचे नातेवाईक इंटरनेटवर वाचून येतात, तेव्हा हसायचे तसं.

"डेमो आहे तो. डेमोत सरकतं."

नोव्हेंबरच्या पहिल्या शनिवारी यंत्र पाण्यात उतरलं. स्नॅपर माशाचा मोसम. उपसागरात नावांची जत्रा. डॉक्टरांनी धक्क्यापासून चांगलं लांब जाऊन नांगर टाकला, पडदा लावला आणि पंधराव्या मिनिटाला ते पडद्यावर वाकले. कमान! उजव्या कडेला उमटली, मध्यावर आली, डावीकडे गेली.

"दत्ता, डावीकडे! डावीकडे टाक!"

दत्तप्रसादने डबा बाजूला ठेवून डावीकडे गळ टाकला. काही लागलं नाही. दुसरी कमान. तीही उजवीकडून आली, डावीकडे गेली. तिसरी. चौथी. दिवसभर मासे एकाच दिशेने जात होते, शिस्तीत.

"हे सगळे डावीकडेच का जातात?" दत्तप्रसादने विचारलं.

डॉक्टरांनी विचार केला. नाव नांगरलेली होती. म्हणजे हलत होते ते मासेच. उत्तर एकच होतं.

"प्रवाह," ते म्हणाले.

पुढच्या शनिवारी वारा बदलला आणि नाव नांगरावर उलटी फिरली. मासे डावीकडेच जात होते. आता प्रवाहाचं उत्तर चालेना. म्हणून डॉक्टरांनी नवं काढलं. इंजिनाच्या वासाला, आवाजाला, नावेच्या सावलीला मासे बुजतात आणि बुजलेला मासा डावीकडे वळतो. पक्ष्यांत, खेकड्यांत अशा सवयी असतात. माशांत का नसाव्यात?

त्यांनी हे पॉइंट कुकच्या मराठी मासेमारांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकलं. ग्रुपवर बाराएक जण. बहुतेक आयटीवाले. डॉक्टरांचंच बघून निम्म्यांनी नावा घेतलेल्या. डॉक्टरांनी तीन भागांत लिहिलं, पडद्याचे फोटो जोडले आणि शेवटी 'प्रत्यक्ष अनुभवाशी ताडून पाहावे' असंही लिहिलं. आठवडाभरात हृषिकेश नावाच्या एका तरुण मेंबरचा मेसेज आला. डावीकडे टाकला, फ्लॅटहेड मासा लागला! सोबत फोटो. शास्त्रात याहून मोठा पुरावा कुठला? त्यानंतर शनिवारी सकाळी वेरिबी साउथच्या बाहेर चार-पाच नावा दिसायच्या आणि त्यातले मराठी लोक ओळखू यायचे. सगळ्यांच्या काठ्या एका बाजूला.

"मासे वाममार्गाला लागलेत म्हणे," मेधाताई बटाटे सोलता सोलता म्हणाल्या.

डिसेंबर उजाडला. हृषिकेशला पुन्हा काही लागलं नाही. बाकीच्यांना एकदाही नाही. डॉक्टरांना मासे दर शनिवारी दिसत होते. इतके मासे त्या उपसागरात दुसऱ्या कुणी पाहिले नसतील. ओट्यावर मात्र बटाटे येत होते.

नाचता येईना तेव्हा अंगण वाकडं झालं. डॉक्टरांनी जाहीर केलं, की यंत्र सदोष आहे. कंपनीला तसं सविस्तर कळवलं. कंपनीने विचारलं, पडदा चालू होतो का? हो. तळ दिसतो का? हो. मासे दिसतात का? हो. मग तक्रार काय आहे? डॉक्टरांना हा प्रश्न उद्धट वाटला.

ख्रिसमसच्या आधीच्या आठवड्यात मेधाताईंनी नावेचा फोटो काढला आणि जाहिरात टाकली. शनिवारी दुपारी ग्रेग नावाचा एक माणूस बघायला येणार होता. जाहिरातीत त्यांनी प्रामाणिकपणे लिहिलं होतं, सोनार सदोष, चार भोकं.

"शनिवारी सकाळी मी जाऊन येतो," डॉक्टर म्हणाले. "शेवटचं."

"जा ना. वाटण करून ठेवते."

हे त्या टोमण्याने म्हणाल्या की मायेने, ते डॉक्टरांना कळलं नाही. खात्री देता येत नव्हती.

शनिवारी पाणी आरशासारखं होतं. नांगर टाकून दोघं बसले. दत्तप्रसादने डबा उघडला नव्हता. सुतकात खातात का?

सवयीने डॉक्टरांनी पडदा लावला. सवयीने एक कमान आली आणि डावीकडे निघाली. दत्तप्रसादने काठी उचलली.

"राहू दे," डॉक्टर म्हणाले.

त्यांना फेकायचाही कंटाळा आला होता. त्यांनी आपला गळ नावेच्या पाठीशी, प्रोबच्या बाजूला, नुसता सरळ खाली सोडला. शिशाचं वजन बोटांतून दोरा ओढत गेलं आणि पडद्यावर उजव्या कडेला एक बारीक रेघ उमटू लागली.

रेघ तिरकी होती.

डॉक्टरांनी दोऱ्याकडे पाहिलं. दोरा ओळंब्यासारखा उभा. पडद्याकडे पाहिलं. जिन्याच्या कठड्यासारखी तिरकी रेघ. त्यांनी शिसं वर ओढलं. रेघ तिरकीच वर आली. पडद्यावर एक टोकदार दरी तयार झाली. शिसं पाण्याबाहेर आलं. डॉक्टरांनी ते हातात धरलं. गार, ओलं, वाटाण्याएवढं.

आणि पडद्यावर ते अजून पाण्यातच होतं. उतरत होतं, चढत होतं, आणि सगळंच्या सगळं हळूहळू डावीकडे चाललं होतं.

डॉक्टरांनी मूठ उघडून पाहिली. शिसं हातातच होतं.

हृदयाची झडप तपासताना एक जुनी पद्धत वापरतात. आवाजाची एकच रेघ झडपेवर धरायची आणि ती रेघ पडद्यावर सरकत ठेवायची. मग झडप उघडली, मिटली, उघडली, असं दिसतं. आडव्या अक्षावर अंतर नसतं. सेकंद असतात. डॉक्टर हे शिकाऊ डॉक्टरांना दरवर्षी शिकवायचे. एकाने चुकीचं उत्तर दिलं, तेव्हा ते त्याला म्हणाले होते, की तू पशुवैद्य हो.

पडद्याची उजवी कड म्हणजे आत्ता. बाकीचा पडदा म्हणजे होऊन गेलेलं. डावीकडे मासे नव्हते. डावीकडे मघाशी होतं. महिनाभर बाराएक सुशिक्षित माणसं मघाशीच्या दिशेने गळ टाकत होती.

"डॉक्टर? बरं वाटत नाहीये का?"

"दत्ता," डॉक्टर म्हणाले. मग थांबले. मग पुन्हा म्हणाले, "दत्ता, खिचडी खा."

त्यांनी गळाला आमिष लावलं, सरळ खाली सोडलं आणि पडद्याच्या उजव्या कडेवर डोळे रोवले. कमान उमटायला सुरुवात झाली. डॉक्टर डावीकडे बघायचं टाळत होते. दोऱ्याला हिसका बसला.

स्नॅपर होता. गुलाबी, पाठीवर निळे ठिपके. दत्तप्रसादच्या तोंडून "अरे देवा" निघालं. कायद्याने स्नॅपर अठ्ठावीस सेंटीमीटर तरी हवा. डॉक्टरांनी तो पट्टीवर ठेवला. वाकून बघितलं. सरळ करून पुन्हा मोजला. सत्तावीस भरला. मोजमापात ते आयुष्यात चुकले नव्हते. आजच्या दिवशी चुकले असते तर चाललं असतं.

"डॉक्टर, शेपूट जरा ओढून धरलं तर..." दत्तप्रसाद म्हणाला. तो शाकाहारी होता आणि त्याचा उपास होता.

"रिपोर्ट फिरवता येत नाही, दत्ता."

मासा पाण्यात गेला. पडद्यावर उजवीकडून खाली उतरणारी एक रेघ उमटली आणि मघाशीमध्ये जमा झाली. तेवढ्यात दक्षिणेचा वारा सुटला, आणि बाकीच्या नावांसारखे तेही धक्क्याकडे वळले. दुसरा मासा मिळाला असता का? नाकारता येत नाही.

घरी पोचले तेव्हा ग्रेग आधीच आला होता. त्याचा ट्रक दारात, तो मेधाताईंशी बोलत ड्राइव्हवेवर उभा. आतून वाटणाचा वास येत होता. मेधाताईंनी डॉक्टरांच्या हाताकडे पाहिलं. हात रिकामे होते.

ग्रेगने नावेभोवती एक फेरी मारली. चार भोकं पाहिली. यंत्रावर टिचकी मारली.

"सो, व्हॉट्स रॉंग विथ द साउंडर, मेट?"

डॉक्टरांच्या तोंडाशी वाक्य तयार होतं. उपकरणाची कामगिरी अपेक्षेनुसार आढळली नाही. कुणाला काही कळलं नसतं. दत्तप्रसाद बोलला नसता. नाव गेली असती आणि तिच्यासोबत डावी बाजूही गेली असती.

"नथिंग," डॉक्टर म्हणाले. "यंत्र उत्तम आहे. मी ते चुकीचं वाचत होतो."

हे ते इंग्रजीत बोलले. मेधाताईंनी दाराची चौकट धरली.

"काय म्हणालास?"

"काही नाही."

"मराठीत सांग."

"मेधा, माणूस उभा आहे."

"राहू दे उभा. आडव्या अक्षावर काय आहे?"

डॉक्टरांनी नावेच्या पाठीकडे पाहिलं. बुजवलेल्या भोकांकडे.

"वेळ," ते म्हणाले.

मेधाताई पायरीवर बसल्या. आधी त्यांचे खांदे हलले. मग आवाज आला. असं हसणं स्वरदाने आईचं ऐकलं नव्हतं. ती आतून धावत आली. "आई, आर यू ओके?" मेधाताईंनी हातानेच थांब म्हटलं. डोळे पुसले. पुन्हा डॉक्टरांकडे पाहिलं आणि पुन्हा सुटल्या. ग्रेगही कारण न कळता हसायला लागला. मग मेधाताईंनी त्याला सगळं सांगितलं. डावीकडे पळणारे मासे, प्रवाह, व्हॉट्सॲप, एका बाजूला झुकलेल्या नावा. ग्रेगला ट्रकला टेकावं लागलं.

डॉक्टर मधोमध उभे होते. त्यांना वाटलं होतं, असं काही झालं तर जीव जाईल. जीव गेला नव्हता. उलट भूक लागली होती.

"सॉरी, ग्रेग," मेधाताई उठत म्हणाल्या. "नाव विकायची नाही."

"अगं, पण मासा..." डॉक्टर म्हणाले.

"मासा बाजारात मिळतो. हे कुठे मिळतं? सव्वीस वर्षं मी जमिनीवर वाट बघितली. तू पाण्यावर गेलास आणि नऊ महिन्यांत सापडलं. गारा पडल्या तर पडू दे." मग त्यांनी पदर नसलेल्या खांद्यावरून पदर ओढावा तसा हात फिरवला. "पण एक अट आहे."

ग्रेग त्याच वाटणातलं बटाट्याचं तिखलं खाऊन गेला. दोनदा वाढून घेतलं. हा कुठला मासा, असं त्याने विचारलं नाही.

पुढच्या शनिवारी मेधाताई पहिल्यांदा नावेत बसल्या. दत्तप्रसादने आपली जागा त्यांना दिली आणि स्वतः पुढे जाऊन बसला. ख्रिसमस होऊन गेला होता. पाणी शांत होतं. पाव तासावर हृषिकेशची नाव दिसली. तो एकटाच होता. डावीकडे काठी लावून, पडद्याकडे एकाग्र बघत. त्याच्यानंतर अजून अकरा जणांना समोरासमोर सांगायचं बाकी होतं.

"इंजिन बंद कर आधी," मेधाताई म्हणाल्या.

डॉक्टरांनी इंजिन बंद केलं. ते उभे राहिले. नाव डुलली. त्यांनी घसा साफ केला.

"हृषिकेश! ते डाव्या बाजूचं जे मी लिहिलं होतं... मी चुकलो."

आवाज सकृतदर्शनी निघाला होता. तथापि पोचल्याची खात्री देता येत नव्हती. पलीकडे हृषिकेशने कानामागे हात धरला.

मेधाताईंनी मांडीवरचा डबा बाजूला ठेवला आणि नीट सावरून बसल्या.

"ऐकू नाही गेलं त्याला," त्या म्हणाल्या. "पुन्हा."